दर्यापूरचं बिनपाटीचं मासोळ्यांचं दुकान आणि माझे चार एंजल

दर्यापूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पिठाची गिरणी आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधे एक निळं दार आहे. दारावर पाटी नाही. आत पंधरा-सोळा काचपेट्या, भिंतीला लागून सिमेंटच्या दोन टाक्या, मागच्या खोलीत प्लास्टिकचे टब. मी तिथे पहिल्यांदा गेले ती लोणच्याची धुतलेली बरणी पदराखाली धरून. पौषातली थंडी होती आणि बरणीत आजारी एंजल होता, काचपेटीत पाळतात तो मासा. त्यानंतर चाळीस दिवस मी या दुकानात जातेयेते आहे, फोन करते आहे. म्हणून सविस्तर लिहिते. नवीन मासे आणले आणि आठ दिवसांत मेले, हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं. मग लोक काचपेटी माळ्यावर टाकतात आणि म्हणतात, या भागात मासे टिकतच नाहीत. टिकतात. पण कोणीतरी सांगणारं लागतं.

मी शिवणकाम करते. गाव दर्यापूरपासून अकरा किलोमीटर. ओट्यालगतच्या खोलीत मशीन आणि मशीनशेजारी दोन फुटी काचपेटी, मुलीच्या हट्टानं घेतलेली. मुलगी सहावीत आहे. पेटीत वर्षभरापासून पाच मॉली आणि गप्पी होते. गप्पी वाढून किती झाले ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. सगळं छान चाललं होतं, आणि त्याचं श्रेय मी स्वतःला देत होते. खरं कारण आमचं पाणी होतं, हे नंतर कळलं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांडं वाळलं की पांढरे डाग राहतात. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं, पण त्याचा काही नेम नाही. काचपेटीत मी बोअरचंच पाणी टाकायची. मॉली आणि गप्पी यांना जड, थोडं खारं पाणी मानवतं, म्हणून ते मजेत होते.

मार्गशीर्षात एका लग्नासाठी मोठ्या शहरात गेलो. तिथल्या एका दुकानात मुलीला एंजल दिसले. रुपयाच्या नाण्याएवढे, उभ्या काळ्या पट्ट्यांचे, लांब परांचे. साठ रुपयाला एक, असे चार घेतले. पिशवीत ऑक्सिजन भरून दिला, रबर लावलं, झालं. तुमच्याकडे पाणी कोणतं, मासे कोणते, काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही की हे मासे तुमच्याकडे कधी आले. पाच तास एसटीत पिशवी मांडीवर. घरी पोचलो तर रात्रीचे नऊ. दहा मिनिटं पिशवी पाण्यावर तरंगवली आणि पिशवीतल्या पाण्यासकट चारही मासे पेटीत सोडले.

दुसऱ्या दिवशी चौघंही पर मिटून कोपऱ्यात उभे. नवीन घर आहे, बुजले असतील असं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ब्लाउजला हुक लावत बसले होते, तेव्हा एक एंजल खालच्या गोट्याकडे सरळ झेपावला, कुशीवर होऊन अंग घासलं आणि परत वर आला. मग पुन्हा तसंच. मुलीला वाटलं खेळतोय. मलाही तसंच वाटलं. ही खूण कोणाच्या पेटीत दिसली तर खेळ समजू नका. त्याला खाज सुटलेली असते.

पाचव्या दिवशी परांवर दाणे दिसले. अगदी रव्याचे दाणे चिकटल्यासारखे, पांढरे, उठावाचे. संध्याकाळपर्यंत शेपटीवर अकरा मोजले. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "देवी आल्यासारखंच दिसून रायलं व माय."

मी घाबरले. जवळच्याच एका दुकानात, हे निळ्या दाराचं नव्हे, जाऊन "पांढरे दाणे आले" एवढंच सांगितलं. त्यांनी मिथिलीन ब्ल्यूची बाटली दिली, आमच्याकडे निळी दवा म्हणतात ती. किती टाकायची? "निळं दिसेपर्यंत." मी टाकली. सकाळी पाणी स्वच्छ! मला वाटलं मासे दवा पिऊन टाकतात की काय. दुसऱ्या रात्री दुप्पट टाकली. त्याच्या सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करत होते आणि दोन एंजल तळाला आडवे पडलेले. मुलगी शाळेत जायच्या आधी उठली की दिसू नये म्हणून मी ते चहाच्या गाळणीनं काढले आणि तुळशीमागे पुरले. तिनं पेटीकडे पाहिलं, दोनच दिसले, काही बोलली नाही. डबा न घेता शाळेत गेली.

त्याच दिवशी फॉल लावून न्यायला आलेल्या एका बाईंनी निळ्या दाराचं नाव काढलं. "तो पोरगा आधी मासोयी पायते, मंग दवाई देते," म्हणाल्या. मी बरणीत उरलेल्यांपैकी जास्त दाण्यांचा एंजल घेतला, मोबाइलवर पेटीचा व्हिडिओ काढला आणि साडेअकराच्या गाडीनं गेले.

आत तिशीचा मुलगा होता. बरणी पाहून त्यानं हातातलं काम ठेवलं. माझ्या तोंडातून आधी "भाऊ, दवाई द्या" हेच निघालं. तो म्हणाला, "दवाईचं मंग पाहू ताई. आधी बसा. हे मासोयी कवा आनली?"

मग प्रश्नांची रांग. किती दिवस झाले. कुठून आणली. पिशवीतलं पाणी आत ओतलं का. पेटीत आधीचे कोणते मासे, ते खातात का. "पानी कोन्तं टाकता, बोअरचं का नयाचं?" दवा कोणती टाकली, किती वेळा. "फिल्टरात कोयसा हाये का?" मी म्हटलं, आहे, काळी पिशवी. त्यानं मान हलवली. फिल्टरमधला तो कोळसा रंग आणि औषध दोन्ही शोषून घेतो, म्हणून पहिल्या सकाळी पाणी स्वच्छ दिसलं. दवा मासे पीत नव्हते, कोळसा पीत होता. आणि दुप्पट टाकली तेव्हा कोळशाला जेवढी झेपली नाही तेवढ्या दवेनं फिल्टरमधले उपकारी जिवाणू मारले. माशांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. ते गेले की अमोनिया साचतो, कल्ले भाजल्यासारखे लाल होतात, मासा श्वासासाठी वर येतो. निळी दवा वापरायचीच असेल तर वेगळ्या टबात, फिल्टर नसलेल्या पाण्यात. हे मला बाटली घेताना कोणी एका वाक्यात सांगितलं असतं तर ते दोन एंजल कदाचित वाचले असते.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी डोळे न हलवता पाहिलं, कारण बारीक काम कोणी मन लावून करत असलं की मला पाहायला आवडतं. बरणी टेबलावर ठेवली. दुकानातला दिवा बंद केला. मोबाइलचा टॉर्च माशाच्या समोरून न धरता बाजूनं, काचेला जवळजवळ टेकवून धरला आणि दुसऱ्या हातात घड्याळवाल्याकडे असतं तसं भिंग. त्या आडव्या उजेडात एंजलचं अंग सुटं सुटं दिसू लागलं. दाणे अंगावर वर चिकटलेले नव्हते, कातडीच्या आत बसलेले होते. दाण्यावरून कातडी ताणलेली दिसत होती, आत टाका राहून शिलाई फुगावी तशी. त्यानं मला भिंग दिलं. "सोन्याची भुकटी दिसते का कोठी? चमकीसारकी?" मी पाहिलं. जरीची चमकी मी रोज हाताळते, तशी कुठे नव्हती. मग म्हणाला, "बरं झालं. ते असतं तर मामला येगळाच होता." मखमली रोग म्हणतात तो असला तर अंगावर पिवळसर सोनेरी धूळ दिसते, ती अंधारात टॉर्चनंच दिसते, आणि मग पेटीचा दिवाही बंद ठेवावा लागतो कारण तो जंतू उजेडावर काही प्रमाणात जगतो.

एंजलला झाला होता तो व्हाइट स्पॉट. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशी परजीवी, मासे पाळणारे थोडक्यात इक म्हणतात. दुकानदारानं ते लांब नाव एकदाच घेतलं आणि कागदावर गोल काढून त्याचा फेरा दाखवला. हा फेरा नवीन मासे आणणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहिते. दाणा म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारा जीव. पोट भरलं की तो कातडी फोडून खाली पडतो, गोट्याला, वाळूला, काचेला चिकटतो आणि भोवती कवच करतो. कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात. मग कवच फुटून ती पिल्लं पाण्यात सुटतात आणि साधारण दोन दिवसांत मासा गाठला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काही टाकाल ते फक्त या सुटलेल्या पिल्लांना मारतं. कातडीखालच्याला लागत नाही, कवचातल्यालाही लागत नाही. पाणी पंचवीस-सव्वीस डिग्री असेल तर सगळा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो. थंड पाण्यात तोच कित्येक आठवडे रेंगाळतो. आमच्या पेटीत त्यानं थर्मामीटर टाकायला लावला तेव्हा सकाळी सहाला एकोणीस डिग्री होतं.

मग व्हिडिओ पाहताना त्यानं मधेच थांबवला. एका काळ्या मॉलीच्या ओठावर पांढुरकं काहीतरी होतं. मला ते त्याच रोगाचं वाटलं होतं. त्यानं मोठं करून दाखवलं: दाणा नाही, सपाट, राखाडी, कडेला कापसाचा तंतू सुटल्यासारखं. "हे येगळं हाये ताई." कॉलमनॅरिस. कापूस दिसतो म्हणून लोक बुरशी समजतात, पण तो जिवाणूचा रोग आहे. आणि इथेच माझ्या हातून दुसरी चूक झाली असती. व्हाइट स्पॉटला पाणी गरम करायचं असतं, आणि कॉलमनॅरिस गरम पाण्यात जास्त जोरानं पसरतो. दोन्ही मासे एकाच पेटीत ठेवून हीटर लावला असता तर एक वाचवताना दुसरे गेले असते. आधी ती मॉली बाहेर, मग हीटर, हे त्यानं तीनदा सांगितलं.

मी विचारलं, टेट्रासायक्लीनच्या गोळ्या टाकू का, गावात एकानं सांगितलं होतं. त्यानं पाण्यातले क्षार मोजायचा मीटर काढला, मी आणलेलं बरणीतलं पाणी त्यानं मोजलं, आकडा १६४० आला. एवढ्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इतकं असतं की ते टेट्रासायक्लीनला धरून ठेवतं, गोळी वाया जाते. शिवाय व्हाइट स्पॉट जिवाणूचा नाहीच, त्याला त्या गोळीचा काही उपयोग नाही. तो म्हणाला, "दवाई इकून मले पैसे भेटतीन. पन तुमच्या मासोया मरतीन." आणि त्या दिवशी त्यानं मला एकही औषध विकलं नाही. शंभर वॅटचा हीटर दिला, थर्मामीटर दिला, आणि खडे मिठाच्या तीन पुड्या करून दिल्या, त्यांचे पैसेही घेतले नाहीत.

पुड्यांचा हिशेब सांगते, कारण अंदाजानं टाकणं हेच माझं पहिलं चुकलं होतं. त्यानं विचारलं, "इंची टेप तर असनच तुमच्यापाशी?" गळ्यात होती. पण पेटी घरी. म्हणून घरी फोन करून मुलीकडून मोजून घेतलं: लांबी २४ इंच, रुंदी १२, पाणी १३ इंच उंच. तिन्हींचा गुणाकार करून ६१ नं भागायचं, लिटर निघतात. ६१ लिटर आले. गोटे, वाळूचे सहा वजा केले, ५५. एरवी तो लिटरला दोन ग्रॅम मीठ सांगतो. माझं पाणी मुळात खारं, म्हणून एकच ग्रॅम. १८ ग्रॅमच्या तीन पुड्या, बारा-बारा तासांनी, आधी तांब्यात विरघळवून. झाडं असलेल्या पेटीत किंवा तळाला राहणाऱ्या बिनखवल्याच्या माशांना मीठ जपून, हेही सांगितलं. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

घरी आल्यावर मॉली बादलीत वेगळी केली. तिच्या बादलीत हवेचा पंप आणि मीठ. फिल्टरमधला कोळसा काढला, स्पंज पेटीच्याच काढलेल्या पाण्यात हलका खळबळला. तळातला गाळ नळीनं ओढून पाव पाणी बदललं. हे पाणी कसं टाकायचं यावरही त्याची ताकीद होती: अर्धं बोअरचं, अर्धं नळाचं एक दिवस ठेवून क्लोरीन उडालेलं. एकदम सगळं गोड पाणी टाकलं तर माशांना तोही धक्काच. हीटर २० वर लावला आणि दर चार तासांनी एक डिग्री वाढवत गेले. तीसला पोचायला जवळजवळ दोन दिवस लागले. रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा गजर यांनी लावला आणि यांनीच उठून चावी फिरवली, हे लिहिलंच पाहिजे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड रात्रंदिवस सुरू.

लाइन गेली की पंचाईत. तिसऱ्या रात्री अकरापासून तीनपर्यंत लाइन नव्हती. मी पेटीला तिन्ही बाजूंनी चिंध्यांची गोधडी गुंडाळली, वरचा भाग हवेला मोकळा ठेवला, आणि मुलगी आणि मी आळीपाळीनं तांब्यानं पाणी वरून सोडत बसलो. चार तासांत थर्मामीटर दोनच डिग्री उतरला. मॉली त्याच पहाटे गेली. दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तोंडापर्यंत आलेलं असेल तर खात्री देत नाही, त्यामुळे फसवलं असं वाटलं नाही. पण ती आमच्या घरची सगळ्यात जुनी मॉली होती. मुलीनं त्या दिवशी वहीत तापमानाच्या खाली फक्त "मॉली" एवढंच लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही एंजल स्वच्छ. एकही दाणा नाही. पर उघडलेले, दाण्याकडे धावले, म्हणजे खायच्या दाण्याकडे. मी आनंदानं फोन केला, झालं भाऊ बरं, आता हीटर काढू का? तिकडून एकदम आवाज चढला, "काढू नका! दाने गेले म्हंजे रोग गेला नाई ताई. दाने खाली पडले. आता ते तठीसा फुटतीन आन पिल्लं वर येतीन." कागदावरचा गोल आठवला. फोन झाल्यावर मी पेटीच्या तळाकडे पाहिलं, स्वच्छ गोटे, काही दिसत नव्हतं, आणि तरी तिथे काय चाललं असेल ते आता मला माहीत होतं. बहुतेकांचे मासे याच दिवशी हातचे जातात असं तो म्हणाला. दाणे गेले म्हणून उपचार बंद, आठवड्यानं पुन्हा दाणे, आणि या वेळी दुप्पट, कल्ल्यांतसुद्धा. आमच्याकडे सहाव्या दिवशी एका एंजलच्या परावर पुन्हा तीन दाणे आलेच. शेवटचा दाणा गेल्यावर आणखी दहा दिवस तीस डिग्री, एक दिवसाआड तळ ओढून पाव पाणी. एकूण अठरा दिवस. मग हीटर हळूहळू पंचवीसवर आणला, तो आजही तिथेच आहे.

दोन एंजल आणि सगळ्या मॉली, एक सोडून, जिवंत आहेत. गप्पींना काही झालंच नाही म्हणता येईल.

आता दुकानाबद्दल. मला सगळ्यात जास्त विश्वास कशामुळे बसला असेल तर मागच्या खोलीमुळे. तिथे टबांची ओळ आहे, प्रत्येक टबावर पाटीचा तुकडा आणि खडूनं तारीख. आलेला माल त्या तारखेपासून पंधरा दिवस विकत नाही. माल बहुतेक कोलकात्याकडचा, दोन-तीन दिवस पिशवीत बंद राहून येतो, थकलेला, उपाशी. अशा माशाला कोणताही रोग लगेच धरतो. प्रत्येक टबाची जाळी वेगळी, तिला वेगळ्या रंगाचा धागा बांधलेला. एका टबाची ओली जाळी दुसऱ्यात गेली की रोगही गेला. मी विचारलं, पंधरा दिवस माल पडून राहिला तर नुकसान नाही का? त्याचे वडील कोपऱ्यात जाळं विणत बसले होते, ते बोलले. भोई समाजाचे, जन्म पूर्णेवर गेलेला, नंतर तलावात रोहू-कटल्याचं बीज सोडायचे. म्हणाले, तलावात मासोळ्यांच्या अंगाला घाव पडायचे तेव्हा चुना टाकायचो, पण नवीन बीज न तपासता सोडलं की चुन्यानंही निभायचं नाही. बाबांनी जास्त सांगितलं नाही, पुन्हा जाळ्याकडे वळले. बोटं मात्र बोलतानाही थांबली नव्हती.

एंजल कशामुळे पडले हेही त्या मुलानं नीट उलगडून सांगितलं. ते बहुधा गोड पाण्यात वाढलेले, पाच तास प्रवास, एकोणीस डिग्रीचं पाणी, आणि १६४० च्या खाऱ्या पाण्यात एका मिनिटात सोडलेले. रोग त्या दुकानातूनच सोबत आला असेल, पण अंगावर चढायला रस्ता मी मोकळा करून दिला. पिशवी वीस मिनिटं तरंगवायची, मग दर दहा मिनिटांनी कपभर आपलं पाणी पिशवीत, तासभर. शेवटी मासा जाळीनं उचलायचा, पिशवीचं पाणी मोरीत. आणि थेट मोठ्या पेटीत कधीच नाही, आधी वेगळ्या टबात.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. अमोनिया मोजायची किट हे दुकान ठेवत नाही. कल्ल्यांचा रंग पाहून तो बरोबर अंदाज बांधतो, पण माझ्यासारखीला घरी कसं कळणार? मी शेवटी ऑनलाइन मागवली. एवढं जाणणाऱ्या माणसानं ती ठेवावी, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. गोल काचेचं भांडं आणि त्यात एक गोल्डफिश अशी जोडीही तो विकतो. लोक वाढदिवसाला मागतात म्हणतो. गोल्डफिश हाताएवढा होणारा मासा आहे, त्या भांड्यात ना फिल्टर बसतो ना हवा पुरते. मला ते बरं वाटत नाही. पक्की पावती मिळत नाही, कागदावर लिहून देतो. दुपारी एक ते चार बंद. बाजाराच्या दिवशी गर्दीत तो नीट बोलू शकत नाही, आजारी मासा घेऊन त्या दिवशी जाऊ नका. जिवंत झाडं नाहीत. दुकानातून गेल्यावर मेलेला मासा बदलून देत नाही, आणि हे विकायच्या आधी सांगतो.

खर्च माझा असा झाला: हीटर ३५०, थर्मामीटर ६०, बॅटरीवरचा हवेचा पंप, जो तिसऱ्या रात्रीनंतर घेतला, २८०, नळी ४०. सल्ल्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मी त्याच्या आईचे दोन ब्लाउज शिवून नेले, तेव्हा वडिलांनी शिलाई हातावर ठेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

जाणार असाल तर आजारी मासा एकटा नेऊ नका, पेटीतलं लिटरभर पाणी वेगळ्या बाटलीत न्या, आधी टाकलेल्या औषधाची बाटली न्या, पेटीची मापं लिहून न्या. व्हिडिओ काढताना आडवा उजेड पाडा आणि निरोगी दिसणारे मासेही त्यात येऊ द्या. माझ्या मॉलीचा ओठ तसाच सापडला.

गेल्या महिन्यात मुलीला तिथल्या लाल प्लॅटी आवडल्या. आमच्या पाण्याला त्या मानवतील असं त्यानंच सुचवलं होतं. टबावरची तारीख पाहिली तर सातच दिवस झालेले. मुलगी हिरमुसली, मी म्हटलं भाऊ, आम्ही घरी वेगळ्याच ठेवू, द्या आत्ता. तो नाहीच म्हणाला. "थांबा आठ रोज. तुमच्या नावानं ठेवतो." टबावर खडूनं माझ्या गावाचं नाव लिहिलं. आठ दिवसांनी गेलो तर सहा प्लॅटी, सगळ्यांचे पर पंख्यासारखे उघडलेले. आता त्या मशीनखाली निळ्या टबात आहेत, स्पंज फिल्टर सुरू, जाळीला मुलीनं लाल धागा बांधलाय. आज नववा दिवस. संध्याकाळी दिवा बंद करून ती बाजूनं टॉर्च लावते, एकेक मासा पाहते आणि वहीत लिहिते.